रूपांतराची अट

मॉन्स्टर पकडायचे, पाळायचे आणि लढवायचे, अशा गेमविषयी गप्पा निघाल्या की बहुतेक जण रूपांतरानंतरच्या प्राण्याबद्दलच बोलतात: त्याला पंख फुटले का, तो किती अक्राळविक्राळ दिसतो, त्याच्या हल्ल्याची ताकद किती वाढली. मला मात्र त्याआधीचा भाग अधिक बोलका वाटतो. प्राणी कशामुळे बदलतो, म्हणजे रूपांतराची अट कोणती, हे पाहिले की त्या गेमला खेळाडूकडून नेमके काय हवे आहे ते उघड होते. नवे रूप हे बक्षीस असते आणि बक्षिसे सगळीकडे साधारण सारखीच दिसतात. अटी मात्र एकीसारखी दुसरी नसते.

सर्वांत साधी अट लेव्हलची. पोकेमॉन मालिकेतला चारमँडर १६व्या लेव्हलला चारमिलियन होतो आणि ३६व्या लेव्हलला चारिझार्ड. लढत राहा, अनुभव साठवत राहा, ठरलेला आकडा आला की लढाई संपताच पडद्यावर जुनी आणि नवी आकृती आलटून पालटून लुकलुकू लागते. यात खेळाडूने वेगळे काही करायचे नसते. म्हणून ही अट मला थोडी निरस वाटते, पण तिच्यातही आकडा कुठे ठेवायचा हा निर्णय असतो. डायनो ५०व्या लेव्हलला बदलतो आणि त्याचे शेवटचे रूप, हायड्रायगॉन, ६४व्या लेव्हलशिवाय मिळत नाही. तोवर बऱ्याच जणांची मुख्य कथा संपत आलेली असते. याउलट कॅटरपी ७व्या लेव्हलला कोश होतो आणि १०व्या लेव्हलला फुलपाखरू. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पोकेमॉन गेमचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता, हे सर्वश्रुत आहे, आणि या अळीच्या प्रवासात तो नाद स्पष्ट उमटलेला दिसतो. मधल्या कोशाला, म्हणजे मेटापॉडला, रानात थेट पकडले तर त्याला हार्डन ही एकच चाल येते, जिने फक्त त्याचे कवच टणक होते. असे दोन मेटापॉड समोरासमोर आले तर दोघेही आळीपाळीने टणक होत राहतात. चालीचे ३० वापर संपून दोघे नाइलाजाने स्ट्रगलवर, म्हणजे चाली संपल्यावर उरणाऱ्या शेवटच्या हल्ल्यावर, येईपर्यंत कुणालाही खरचटत नाही. कोशात गेलेला जीव असहाय असतो, हे गेमने एका वाक्याचेही स्पष्टीकरण न देता दाखवले आहे.

मॅजिकार्पची अट वरवर पाहता लेव्हलचीच, २०वी. पण इथे तोच आकडा वेगळे काम करतो. मॅजिकार्पला सुरुवातीला स्प्लॅश ही एकच चाल येते आणि तिने काहीही होत नाही. पडद्यावर तसा संदेशच येतो. टॅकल, म्हणजे साधी धडक, येते ती १५व्या लेव्हलला. पहिल्या गेममध्ये डोंगराच्या बोगद्याआधी एक विक्रेता हा मासा ५०० पोकेडॉलरला गळ्यात मारतो आणि नवखा खेळाडू आपण फसलो असेच समजतो. आता ज्याला हल्लाच करता येत नाही, त्याने अनुभव मिळवायचा कसा? रूढ उपाय असा: मॅजिकार्पला संघात पहिल्या जागी ठेवायचे, लढाई सुरू झाली की त्याला मागे घ्यायचे आणि दुसऱ्याला पुढे करायचे. मैदानात पाय ठेवला म्हणून अनुभवाचा वाटा त्यालाही मिळतो. पण ही अदलाबदल करताना एक पाळी वाया जाते, समोरच्याचा फटका खावा लागतो, आणि हे प्रत्येक लढाईत करावे लागते. म्हणजे २०व्या लेव्हलपर्यंतचा सगळा भार संघातल्या इतरांनी उचललेला असतो. त्यानंतर येतो गॅराडॉस. नंतरच्या आवृत्त्यांच्या हिशेबाने मूळ गुणांची (हल्ला, बचाव, वेग वगैरेंच्या आकड्यांची) बेरीज २०० वरून ५४० वर जाते; हल्ल्याचा मूळ गुण १० असतो, तो १२५ होतो. ही उडी भव्य वाटते ती आकड्यांमुळे नव्हे, तर ती आपण पदरमोड करून मिळवलेली असते म्हणून.

म्हणूनच पुढच्या बदलाविषयी माझी तक्रार आहे. २०१३ च्या एक्स आणि वाय या गेमपासून एक्स्प शेअर हे साधन चालू ठेवले की सगळ्या संघाला अनुभव वाटला जाऊ लागला, आणि २०१९ च्या सोर्ड आणि शील्डमध्ये तर तो वाटप बंद करण्याची सोयच उरली नाही. आता मॅजिकार्प संघाच्या शेवटच्या जागी पडून राहतो आणि एके दिवशी आपोआप गॅराडॉस होतो. वेळ वाचतो, हे खरे. पण अट कागदावर तीच राहूनही तिच्यातला अर्थ निघून गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

रूपांतर नाकारण्याची सोय ही या मालिकेतली मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट. आकृती लुकलुकत असताना बी बटण दाबले की बदल थांबतो. पुढच्या लेव्हलला गेम पुन्हा विचारतो, पुन्हा नकार देता येतो. बलवान व्हायला कोण नाही म्हणेल, असा प्रश्न पडेल. पण पहिल्याच पिढीत, म्हणजे पहिल्या गेममध्ये, रूपांतर लांबवायला ठोस कारणे होती, विशेषतः ज्यांचे रूपांतर खडा नावाची वस्तू दिल्यावरच होते त्यांच्या बाबतीत. ग्रोलिथला फायर स्टोन दिला की तो लगेच आर्कनाइन होतो, मात्र त्या पिढीतला आर्कनाइन पुढे लेव्हल वाढवून एकही नवी चाल शिकत नाही. ग्रोलिथ ५०व्या लेव्हलला फ्लेमथ्रोअर शिकतो, आणि ती चाल त्या गेममध्ये टीएमनेही (चाल शिकवणाऱ्या वस्तूनेही) शिकवता येत नव्हती. खडा खिशात असूनही तो ५०व्या लेव्हलपर्यंत वापरायचा नाही, ही कसोटी मला कुठल्याही जिम लीडरपेक्षा, म्हणजे गेममधल्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापेक्षा, अवघड वाटते. ईव्हीच्या बाबतीत पेच आणखी वेगळा. सुरुवातीला तिच्यासाठी तीन खडे आणि तीन रूपे होती, आज रूपे आठ आहेत, आणि एक निवडले की त्या ईव्हीसाठी बाकीची कायमची बंद होतात.

देवाणघेवाणीची अट तर एकट्याने पुरीच करता येत नाही. हाँटरचा गेंगार, मशोकचा मशॅम्प, कडाब्राचा अलाकझॅम होण्यासाठी तो प्राणी दुसऱ्याच्या कन्सोलवर पाठवावा लागतो. विचार केला तर ही विलक्षण मागणी आहे: प्राणी बलवान व्हायला हवा असेल तर तो आधी दुसऱ्याच्या हवाली करा. परत मिळेल की नाही, हे समोरच्याच्या शब्दावर अवलंबून. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटमध्ये ही कल्पना आणखी पुढे गेली; कॅराब्लास्ट आणि शेल्मेट हे दोघे एकमेकांच्याच बदल्यात गेले तरच बदलतात, आणि बदलल्यावर कॅराब्लास्टच्या अंगावर शेल्मेटचे कवच चढलेले दिसते. ज्यांच्याजवळ खेळायला दुसरे कुणी नव्हते त्यांच्यावर मात्र ही अट अन्याय करत आली. २०२२ च्या लेजेंड्स: आर्सियसमध्ये लिंकिंग कॉर्ड ही वस्तू वापरून एकट्यालाही ही रूपांतरे करता येऊ लागली, ते योग्यच झाले, एक्स्प शेअरच्या बाबतीत मी जितका कर्मठ आहे तितका इथे नाही.

विक्षिप्त अटींविषयी थोडक्यात. इंके ३०व्या लेव्हलला बदलतो, पण त्या क्षणी कन्सोल उलटा धरलेला असावा लागतो. गॅलार प्रदेशातल्या यामास्कने किमान ४९ एचपीची (जीवनशक्तीची) इजा सोसून एका दगडी कमानीखालून जावे लागते. गिमिगूलसाठी ९९९ नाणी जमवावी लागतात. यांतली शेवटची मला पटते, कारण नाणी शोधताना नकाशाचा कोपरा न् कोपरा धुंडाळला जातो. पहिल्या दोन मौजेच्या आहेत, पण कुणी सांगितल्याशिवाय त्या सुचणे जवळपास अशक्य.

नवे रूप अधिक बलवान असते, हे गृहीतकही दरवेळी टिकत नाही. सायथर आणि सिझर यांच्या मूळ गुणांची बेरीज अगदी सारखी, ५००. सिझर होताना हल्ला ११० वरून १३० होतो, बचाव ८० वरून १००, आणि वेग १०५ वरून ६५ वर घसरतो. चपळाई देऊन पोलाद घेतले, असा हा सौदा. ब्लॅक आणि व्हाइटनेच आणलेली इव्हिओलाइट ही वस्तू तर अर्धवट वाढलेल्यांची बाजू घेते. ज्याचे रूपांतर अजून शिल्लक आहे अशाच प्राण्याचे दोन्ही बचाव ती दीडपट करते. त्यामुळे चॅन्सी स्पर्धांमध्ये चिवट बचावासाठी गाजली आणि अनेक संघांनी तिचे पुढचे रूप असलेल्या ब्लिसीऐवजी तिलाच जागा दिली.

पोकेमॉनबाहेर पाहिले की अटींचा स्वभावच बदलतो. बंदाईचे १९९७ चे डिजिमॉन हे हातात मावणारे खेळणे प्राण्याची लेव्हल मोजत नाही, खेळाडूच्या चुका मोजते. खायला वेळेवर दिले नाही, दिवा मालवला नाही, सराव टाळला, की त्याचा हिशेब होतो, आणि हयगय करणाऱ्याच्या ॲगुमॉनचा ग्रेमॉन न होता नुमेमॉन होतो: हिरवा, बुळबुळीत, लाज आणणारा. इथे रूपांतर म्हणजे प्रगतिपुस्तक. गंमत अशी की त्या पहिल्या खेळण्यात याच नुमेमॉनला नेटाने सांभाळले तर त्याचा मॉन्झेमॉन, म्हणजे भलामोठा पिवळा टेडी बेअर, होऊ शकतो, आणि तो दुसऱ्या कुठल्या वाटेने मिळत नाही. शिन मेगामी टेन्सेई मालिकेत प्राणी सहसा वाढून बदलत नाहीत, तर दोन दानव एकत्र करून तिसरा घडवला जातो आणि मूळचे दोघे नाहीसे होतात. १९९८ च्या ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्समध्येही जोडी लावली की आईबाप निघून जातात. पिल्लू पहिल्या लेव्हलपासून सुरू होते, पण त्यांची कौशल्ये घेऊन.

२०१५ च्या डिजिमॉन स्टोरी: सायबर स्लूथने मला सर्वाधिक विचारात पाडले. तिथे प्राणी मागेही नेता येतो. दर बदलानंतर लेव्हल पुन्हा १ होते, पण एबीआय नावाचा एक गुण वाढत जातो, आणि काही सर्वोच्च रूपांसाठी तो पुरेसा असल्याशिवाय दार उघडत नाही. त्यामुळे खेळाडू हाताशी आलेला धिप्पाड प्राणी स्वतःहून लहान करतो, पुन्हा वाढवतो, पुन्हा खाली आणतो, आणि या चढउतारात वाटेतल्या इतर शाखांची कौशल्येही गोळा करतो. यात घासाघीस फार आहे आणि कंटाळाही येतो. तरीही, कमकुवत रूपाकडे परत जाण्याला इतके रोखठोक कारण देणारा दुसरा गेम माझ्या खेळण्यात आलेला नाही.