केळशीचं घर: आता दारांच्या काचा

कोकणातल्या केळशीच्या घराचं कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करतोय; त्यातलं जोतं, पडवी आणि कौलं मागेच झाली. सध्या ओटी आणि माजघर यांच्यामधलं दार चाललंय: खाली सागवानी फळ्या, वर चार काचा आणि चौकटीच्या डोक्यावर लाल-हिरव्या काचांचा अर्धगोल झरोका.

स्केचअप या थ्रीडी प्रोग्रामच्या संग्रहातून उचललेल्या दाराला काचेच्या जागी निळा पत्रा असतो. (निळी काच कोकणात कुणाच्या दाराला बघितली आहे का? मी तरी नाही.) बाहेरून अख्ख्या दाराला पारदर्शक मटेरियल फासून काही होत नाही, कारण आतल्या पृष्ठांना आधीच रंग दिलेला असतो. डबलक्लिक करत करत थेट काचेपर्यंत उतरायचं, तिथे मटेरियल बदलायचं आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) ३० टक्क्यांच्या आसपास आणायची. काचेच्या दोन्ही बाजू रंगवायच्या. मागच्या बाजूला जुना निळा राहिला, तर माजघरातून बघताना पत्रा तसाच दिसतो.

एवढं करूनही काचेतून माजघर दिसेना, दिसला तो जांभा! दार भिंतीत बसवलं की कंपोनंट (म्हणजे हे संग्रहातलं तयार दार) आपोआप भोक पाडतो खरा, पण फक्त भिंतीच्या एकाच पृष्ठाला. आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंती चांगल्या जाड, त्यामुळे आतलं पृष्ठ शाबूत राहतं. तिथे चौकटीच्या मापाचा आयत काढून तो हातानेच पाडावा लागतो. ‘काच पारदर्शक होत नाही’ अशी तक्रार असेल, तर ओपॅसिटीला हात लावण्याआधी भिंतीचं मागचं पृष्ठ बघा.

सावल्यांचंही एक गणित आहे. स्केचअपमध्ये ओपॅसिटी ७० किंवा त्याहून जास्त असेल तर काच फळीसारखी पूर्ण सावली टाकते, त्याखाली अजिबात नाही. त्यामुळे ओटीवरचं ऊन माजघरात येतं, पण झरोक्याचे लाल-हिरवे कवडसे सारवलेल्या जमिनीवर काही पडत नाहीत. मला तर तेच हवे होते. म्हणून पुढचं काम ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी प्रोग्राममध्ये.

इथे काचेला जाडी लागते. नुसत्या एका पृष्ठाला ट्रान्समिशन (प्रकाश आरपार जाऊ देणं) १ आणि आयओआर (अपवर्तनांक) १.५ दिलं, तर पलीकडचं सगळं माजघर काचेचा ठोकळा असल्यासारखं वाकतं. सॉलिडिफाय या जाडी देणाऱ्या मॉडिफायरने ४ मिमी जाडी दिली की सरळ होतं. पण सायकल्समध्ये (ब्लेंडरचं अंतिम चित्र काढणारं इंजिन) काचेतून ऊन सहज पार होत नाही, जमीन काळी राहते. त्यावर जुना तोडगा आहे: किरण कुठल्या कामाचा आहे ते सांगणाऱ्या लाइट पाथ नोडचा ‘इज शॅडो रे’ घेऊन, सावलीच्या किरणापुरता ग्लास शेडरच्या (पृष्ठ प्रकाशाशी कसं वागेल ते ठरवणाऱ्या मांडणीच्या) जागी ट्रान्सपरंट शेडर द्यायचा. त्याला रंग दिला की कवडसाही रंगीत पडतो. मात्र किरण काचेची दोन पृष्ठं ओलांडतो, म्हणून रंग दोनदा चढतो. लाल हवा असेल तर आधी फिका गुलाबी निवडा. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यातल्या रंगीत काचांचे फोटो शेजारी ठेवून मी छटा जुळवतोय. हिरवा जमला, लाल अजून कुंकवाकडे झुकतोय.

साध्या काचा मात्र इतक्या स्वच्छ झाल्या की दाराला काच आहे हेच कळेना. समोरून बघताना काचेचं एक पृष्ठ जेमतेम ४ टक्के प्रकाश परत पाठवतं, तिरक्या नजरेला बरंच जास्त. त्यामुळे कॅमेरा अंगणात थोडा बाजूला सरकवला, आणि समोर प्रतिबिंब पडण्याजोगं काहीतरी हवं म्हणून चार माड आणि गडगा उभा केला. आत काळोख, बाहेर ऊन: लगेच काचेत झावळ्या हलल्यासारख्या दिसायला लागल्या. पृष्ठाला अगदी हलका, मोठ्या लहरींचा बंप (उंचसखलपणाचा आभास) दिला, कारण जुनी काच सपाट नसते. लाकडाच्या पट्टीला लागून कडेने धुळीची बारीक रेघही ओढली. खाऱ्या हवेत कोपरे कधी स्वच्छ राहतात का? काच बसवायच्या लांबीची (पुट्टीची) पांढुरकी कड अजून बाकी आहे.

यानंतर माजघरावरचं काचेचं कौल. ते दारासारखं सपाट नाही आणि जाडीही सगळीकडे सारखी नाही, म्हणून सॉलिडिफायने भागणार नाही. एक फुटकं कौल परसात सापडलंय, त्याची मापं घेऊन दोन्ही पृष्ठं वेगवेगळी काढतोय. कुणी असं कौल आधी काढलं असेल तर त्यातला ऊन-सावलीचा शेडर कसा बसवला ते जरूर सांगा.