आजीच्या जाळीच्या कपाटाकडे बघून केलेलं डिस्ट्रेसिंग

फर्निचरला अँटिक लुक कसा द्यायचा, म्हणजे डिस्ट्रेसिंग कसं करायचं, असं मला कुणी विचारलं की मी रंग-ब्रशचं नंतर सांगते, आधी म्हणते एखादं खरंच जुनं कपाट नीट बघून या. आमच्या गावच्या घरी आजीचं दूध-दही ठेवायचं जाळीचं कपाट आहे, त्याला गणपतीच्या आधी कधी हिरवा कधी आकाशी ऑइलपेंट लागायचा, आता रंग उडालाय तिथे ते सगळे थर दिसतात. पण उडालाय कुठे? कडीच्या भोवती. दाराच्या खालच्या कडेला, कारण हात भरलेले असले की आजी पायानेच दार लोटायची. आणि पायांच्या तळाशी, फरशी पुसताना ओलं फडकं लागून लागून. मधला भाग अजून शाबूत आहे.

मी पहिल्यांदा एका स्टुलावर प्रयोग केला तेव्हा सगळीकडे सारखंच घासलं, आणि ते जुनं नाही, नुसतं खराब दिसायला लागलं. खूप वाईट वाटलं होतं.

यावेळी सुताराकडून पाइनचं छोटं कपाट करून घेतलं. पाइनच्या गाठींमधून पिवळसर डाग वर येतात म्हणून गाठींवर आधी चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) हात दिला, मग पूर्ण कपाटाला हिरवा रंग. तो वाळल्यावर जिथे जिथे रंग उडालेला हवा तिथेच साधी मेणबत्ती घासली, म्हणजे वरचा रंग तिथे धरत नाही. वर चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा मॅट दिसणारा रंग, ऑफ व्हाइट. हा प्रकार १९९० मध्ये अ‍ॅनी स्लोन या ब्रिटिश बाईंनी आणला, पण मी घरीच करते, एक वाटी मॅट इमल्शनला (भिंतीच्या पाण्यातल्या रंगाला) साधारण एक तृतीयांश वाटी पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), आधी तेवढ्याच पाण्यात गुठळ्या मोडून कालवलेलं. थोडं थोडंच करा, लवकर घट्ट होतं.

दोन हात दिले, रात्रभर ठेवलं, आणि मग २२० नंबरचा काचपेपर हलक्या हाताने. मेण लावलेल्या जागी रंग आपोआप सुटतो आणि खालचा हिरवा डोकावतो, तो क्षण मला फार आवडतो! कडीजवळ जास्त, कोपऱ्यांवर थोडं, मध्ये जवळजवळ नाहीच. शेवटी आधी बिनरंगी वॅक्स आणि मग खाचांमध्ये ब्राऊन, उलटं केलंत तर ब्राऊन वॅक्स थेट रंगात मुरतं आणि डाग पडतात. पावसाळ्यात हे काम काढू नका, प्रत्येक हात वाळायला दुप्पट वेळ लागतो.

आणि कृपा करून घरातल्या जुन्या ऑइलपेंटवर कोरडा काचपेपर चालवू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यांची खात्री नाही, आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. आजीच्या कपाटाला म्हणूनच मी हात लावत नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसते. आईला ते पांढरं करून हवं होतं, त्यावरून आमचं बरंच बोलणं झालं, शेवटी नवीन कपाट तिच्या स्वयंपाकघरात गेलं.