शिवनेरीवरची शिंदळमाकुडी

"फूल बघायचंय ना? मग आधी मे महिन्यात चल," सर म्हणाले. शिंदळमाकुडी फुलते पावसाळ्याच्या उत्तरार्धात, मग उन्हाळ्यात जाऊन काय करायचं, ते मला कळेना. सर एकाहत्तर वर्षांचे, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान, पण डोंगरामुळे मैत्री जमली ती जमलीच.

मे महिन्यात शिवनेरी म्हणजे तापलेला तवा. सरांचे गुडघे दुखत होते, म्हणून प्रत्येक दरवाजात आम्ही टेकलो. पुढे एका कड्याच्या कपारीतून बोटाएवढ्या जाड, राखट हिरव्या कांड्या लोंबत होत्या. एक पान नाही. मी एकटी असते तर निवडुंगाचा प्रकार समजून पुढे गेले असते.

"ही रुईच्या कुळातली," सर म्हणाले. "पावसात पानं फुटली की गवतात लपते. आत्ता उघडी आहे, जागा डोक्यात बसवून घे."

बसताना त्यांनी तिची गोष्ट सांगितली. 1860च्या दशकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरजवळच्या डोंगरातून ती जगापुढे आणली आणि 1862 ते 1867 मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिलं. निसर्गात ती फक्त आपल्या सह्याद्रीत, अशाच अवघड कड्यांवर टिकून आहे. जिथे शेळीचं तोंड आणि माणसाचा हात पोचतो, तिथे तिचा निभाव लागणं कठीण.

सप्टेंबरात पुन्हा गेलो. कडा ओळखू येईना, सगळीकडे गवत आणि तेरडा. मी घाईने दुर्बीण फिरवत होते. सरांनी खांद्यावर हात ठेवला. "मे महिन्यातली भेग आठव. तिच्या उजवीकडे पांढुरका डाग होता."

डाग सापडला, त्याच्या डावीकडे भेग सापडली, आणि भेगेत मांसल पानांच्या झुबक्यात पाच टोकांची चांदणी. गडद किरमिजी, मखमलीसारखी, वर पिवळी नक्षी. मला बोलता येईना. दुर्बीण सरांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ डोळा लावला, मग खाली केली. मोतीबिंदूमुळे त्यांना नुसता लालसर ठिपका दिसत होता.

"तू सांग. पिवळं कुठं आहे?"

मी सांगत गेले. किती फुलं, कळ्या किती, एका फुलावर माशी बसली तीही. परागीकरण माश्याच करतात, म्हणून त्या माशीचं त्यांना फुलाइतकंच अप्रूप. डोळे मिटून ते ऐकत होते.

मग खिशातली वही काढून त्यांनी मलाच लिहायला लावलं. तारीख, पाच फुलं, सात कळ्या, एक माशी. जागेपुढे मी दरवाजाचं नाव लिहायला घेतलं तर म्हणाले, "नको गं. उपटून नेणारे असतात. नुसतं 'जुन्नर' लिही."