बारीक रेघेचे हस्ताक्षर

रोमन लिपीतला हस्ताक्षरी फॉन्ट, म्हणजे हाताने सलग लिहिल्यासारख्या अक्षरांचा फॉन्ट, निवडताना मी सर्वांत आधी त्यातली वर जाणारी रेघ पाहतो. टोकदार, लवचिक निब दाबून खाली ओढली की तिची दोन पाती विलग होतात आणि रेघ जाड होते. वर जाताना दाब सुटतो आणि कागदावर केसाएवढी रेघ उरते. लिहिणाऱ्याच्या हातून हा जाड-बारीकपणा आपोआप उतरतो, फॉन्टमध्ये मात्र तो अक्षरागणिक रेखाटावा लागतो.

जोडरेघ तर त्याहून अवघड. देवनागरी अक्षरे शिरोरेघेवर एकमेकांना भेटतात. रोमन लिपीच्या या वळणात एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला जाऊन मिळते आणि ती किंचितही वरखाली झाली तर सांधा उघडा पडतो. छपाईच्या धातूच्या चौकोनी खिळ्यांवर अशी तिरकी, सलग अक्षरे बसवणे कष्टाचे होते. फॉन्ट घडवणारे मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूच्या वळणावरून १९६०च्या दशकात ‘स्नेल राउंडहँड’ घडवला तो फोटोटाइपसेटिंगसाठी, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशाने अक्षरे उमटवण्याच्या पद्धतीसाठी, आणि त्यातले सांधे आजही मला फार समाधान देतात. पुढे १९९८मध्ये हेर्मान त्साप्फ या फॉन्ट घडवणाऱ्याचा ‘झाप्फिनो’ हा फॉन्ट आला, ज्यात एकाच अक्षराची अनेक रूपे होती. हे फार महत्त्वाचे आहे, कारण हाताने लिहिलेली दोन अक्षरे कधीच तंतोतंत सारखी नसतात आणि एका शब्दात तोच फर्राटा (अक्षराचा लांब, सजावटी वळसा) दोनदा जसाच्या तसा दिसला की यंत्र ओळखू येते. म्हणून फॉन्टमधील पर्यायी अक्षरे आणि एकत्र गुंफलेल्या अक्षरांच्या जोड्या वापरण्याची सोय सुरू आहे ना, हे मी आवर्जून तपासतो.

अशा फॉन्टला शब्द थोडे द्यावेत: निमंत्रणावरील नावे, प्रशस्तिपत्रावरील नाव, एखादे बोधचिन्ह, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील दोन-तीन शब्द. मी एकदा संपूर्ण पत्र या वळणात जुळवले होते. पडद्यावर ते देखणे दिसले, पण छापल्यावर लहान आकारातल्या बारीक रेघा जागोजागी तुटल्या आणि ओळींमधून शब्द वेचून काढावे लागले. तेव्हापासून नाव मोठ्या आकारात या फॉन्टमध्ये आणि तारीख, वेळ, पत्ता साध्या, सरळ अक्षरात, अशीच विभागणी मी करतो.

सगळा शब्द कॅपिटल अक्षरांत लिहू नये, कारण ती फर्राट्यांची अक्षरे शब्दारंभी एकटीच शोभतात आणि शेजारी आली की एकमेकांत गुंततात. अक्षरांमधले अंतरही वाढवू नये. वाढवले की जोडरेघा मध्येच तुटतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापायची असतील तर शाई पसरून केसासारख्या रेघा बुजतात, त्यामुळे तेथे मी याच घराण्यातले थोडे जाड वळण घेतो, आणि ते नसेल तर पार्श्वभूमीच बदलतो.