झपताल आणि हायपो

(माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च २००१)

स्मरणिका समितीने पाचशे शब्द मागितले होते. हे दुपटीच्या आसपास गेलं आहे. कापाकापी तुम्ही करालच, पण त्याबद्दल एक विनंती आहे. ती शेवटी करते.

विज्ञानाच्या प्रयोगशाळेला लागून एक अडगळीची खोली होती. आता तिथे म्हणे सीसीटीव्हीचं यंत्र बसवलंय. १९९८ साली, मी आठवीत असताना, चित्रकलेच्या सरांनी त्या खोलीतले मोडके बाक बाहेर काढले, खिडकीला काळा कार्डपेपर चिकटवला, झिरोचा लाल दिवा लावला आणि छंदवर्गाच्या फळ्यावर लिहिलं : 'फोटोग्राफी. जागा नऊ.' नऊच का, तर रोल ३६चा. प्रत्येकाच्या वाट्याला चार फोटो. माझी चित्रकला भयंकर होती, तरी नाव द्यायला मी पहिली धावले, कारण शनिवारी दुसरा पर्याय विणकामाचा होता.

कॅमेरा सरांचा स्वतःचा, याशिकाचा, ५० मिलिमीटरच्या लेन्सचा. आत प्रकाश मोजायचं मीटर होतं, पण सर त्यातले सेल काढून खिशात ठेवायचे. शटर यांत्रिक, सेलवाचून त्याचं काही अडत नसे. "आधी डोळ्यांनी मोजा," एवढंच सांगायचे. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर त्यांनी आम्हाला कोष्टक लिहून दिलं होतं. फिल्म १२५ची (म्हणजे तिचा वेग, आयएसओ, १२५) असेल तर शटर १/१२५ सेकंदावर ठेवायचं. लख्ख ऊन आणि कडक सावली, तर एफ १६. सावलीची कड विरलेली, तर ११. सावली जेमतेमच, तर ८. आभाळ भरून आलं, तर ५.६. आकडा लहान तर भोक मोठं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी सर वैतागले. "अगं, तो आकडा म्हणजे छेद आहे. एक अष्टमांश पोळी मोठी की एक सोळांश?" पोळीने काम झालं.

शाळा सुटली की ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठाने आम्ही नऊ जण फोटो न काढता नुसते आकडे म्हणत चालायचो. पाण्यावरची होडी, सोळा. कौपिनेश्वराच्या बाजूची सावली, चार. ढगाआड ऊन गेलं, आठ. तलावपाळीवरच्या भेळवाल्याला बहुतेक वाटायचं, आम्ही पाढे पाठ करतोय. पहिल्या रोलमधले माझे चारपैकी तीन फोटो तरीही फुकट गेले, ती गोष्ट वेगळी.

खरी मजा खोलीत होती. कागदावर फोटो छापताना लाल दिवा चालतो, पण फिल्म टँकमधल्या रिळावर चढवताना तोही बंद करावा लागतो. सगळं काम बोटांनी. त्या वेळी कोणी दार उघडलं तर नऊ जणांची मेहनत एका क्षणात काळी. म्हणून शिपाईमामा दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे. एकदा मुख्याध्यापक आले तर मामांनी त्यांनाही अडवलं. "साहेब, आत अंधार चालू आहे." हे वाक्य पुढे वर्षभर शाळेत चाललं. गणिताच्या पेपराच्या दिवशी तर फारच.

डी-७६ हे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर वापरायचं असतं. ठाण्यात एप्रिलमध्ये नळाचं पाणीच तिशीच्या घरात. मग मामा कोपऱ्यावरच्या रसवंतीतून फडक्यात बांधून बर्फ आणायचे, आम्ही बाटली त्या पाण्यात ठेवून प्रयोगशाळेचा थर्मामीटर धरून बसायचो. उरलेला बर्फ कुठे जायचा ते सरांना माहीत होतं. त्यानंतर हायपो, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन. त्याचा वास आमच्या गणवेशाला इतका बसायचा की आई मला शनिवारी थेट मोरीत पाठवायची.

एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र. त्याखाली कागदावर किती सेकंद प्रकाश टाकायचा, हे मोजायला घड्याळ हवं. आमच्याकडे टायमर नव्हता, आणि लाल अंधारात हातावरच्या घड्याळाचा काटा दिसत नसे. पण आमच्यात एक मुलगा तबला शिकत होता. त्याची लय घड्याळासारखी, सेकंदाला एक मात्रा. पातळ निगेटिव्हला केहरव्याच्या आठ मात्रा पुरायच्या, बऱ्या निगेटिव्हला झपतालाच्या दहा, आणि दाट निगेटिव्ह असलं की सर म्हणायचे, "याला पूर्ण तीनताल लागणार." तो मांडीवर ठेका धरायचा आणि आम्ही सम आली की दिवा बंद करायचो. आजही मला सोळा सेकंद मोजायला सांगितले तर मी 'धा धिं धिं धा'च म्हणते.

फोटोचा एखादा भाग काळवंडत असेल तर तिथे येणारा प्रकाश मध्येच अडवायचा. सायकलच्या तारेला पुठ्ठ्याची चकती लावलेली असायची, ती कागदावर सतत हलती ठेवायची, नाहीतर कड उमटते. याला सर 'डॉज' म्हणायचे. उलट आभाळ फार पांढरं आलं असेल तर दोन्ही हातांची ओंजळ करून फटीतून फक्त आभाळावर जास्त प्रकाश सोडायचा. ते 'बर्न'. माझं चित्रकलेचं अपयश या ओंजळीने थोडं भरून काढलं.

नववीत शाळेत संगणक कक्ष आला. चपला बाहेर, आत एसी, आणि एक स्कॅनर. फोटोशॉप पहिल्यांदा उघडलं तेव्हा बाजूच्या पट्टीत काडीवरची काळी चकती आणि वळलेला हात दिसला. बाकीच्यांना ते लॉलीपॉप वाटलं. आम्ही नऊ जण ओरडलो, ही तर आपली सायकलची तार! हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती, पांढरं किती याचा आलेख, सरांनी डोंगररांगेसारखा शिकवला. डोंगर दोन्ही टोकांना उतरत आला तर ठीक. उजव्या टोकाला अचानक कोकणकडा दिसला, तर समजायचं पांढऱ्यातले तपशील गेले, आता लेव्हल्स (उजेड-अंधार कमीजास्त करायच्या पट्ट्या) कितीही ओढा, परत येणार नाहीत. सहा बाय चारचा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट ३०० डीपीआयला स्कॅन केला की फाइल दोन एमबीच्या वर जायची, आणि फ्लॉपी १.४४ची. म्हणून जेपीईजी, जे दर वेळी थोडे तपशील टाकून फाइल लहान करतं. रोज उघडून रोज पुन्हा जेपीईजी म्हणून सेव्ह केल्यावर चेहऱ्यांवर चौकटी का दिसायला लागल्या, हे कळेपर्यंत माझे दोन चांगले फोटो गेले होते.

आता मुख्य गोष्ट. २६ जानेवारी २०००. प्रजासत्ताकाला ५० वर्षं पूर्ण झाली होती, आणि झेंडावंदनाचा फोटो काढायचं काम सरांनी मला दिलं. कॅमेऱ्यात आता सेल होते. पण मीटरला पांढरं कळत नाही, ते सगळ्याला करडं करायला बघतं. समोर पांढऱ्या गणवेशांची रांग, म्हणून मी मीटर सांगत होतं त्याहून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, जास्त उघडला. झेंडा फडकला, पाकळ्या पडल्या, आणि नेमक्या त्या क्षणाला माझं बोट चाललं. फोटो खरंच चांगला आला होता. फक्त डाव्या कडेला मामा होते. हातात दोरीचं उरलेलं टोक, मान वर, तोंड उघडं. शेजारी बादली.

मला तो कोपरा खुपायला लागला. संगणक कक्षात दोन तास बसून, ऑल्ट दाबून शेजारची जमीन उचलत आणि भिंत चिकटवत, क्लोन स्टॅम्पने मी मामा आणि बादली दोन्ही पुसून टाकले. कुणाला कळणार नाही अशी माझी खात्री होती. प्रिंट सूचनाफलकावर लागला, बाईंनी कौतुक केलं.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. "हे एकच वाळकं पान तीन ठिकाणी पडलंय." मी गप्प. मग म्हणाले, "आणि मामा कुठे गेले?"

मधल्या सुट्टीत मामा फलकापाशी आले. फोटोत शाळा बघितली, झेंडा बघितला, मग डावीकडे बघत राहिले. आदल्या संध्याकाळी झेंड्यात पाकळ्या घालून, एका हिसक्यात सुटेल अशी गाठ त्यांनीच मारली होती. ती सुटते की नाही या काळजीने ते वर बघत होते, हे मला तेव्हा कळलं. "आलाय छान," म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त निगेटिव्ह माझ्या हातात दिलं आणि शनिवारी खोली उघडली. मामांना त्या दिवशी बाहेर स्टुलावर बसवलं नाही, आत घेतलं. तबलेवाल्याने झपताल धरला. मामांच्या चेहऱ्यावर भिंतीची सावली होती, म्हणून शेवटच्या तीन मात्रा, 'धी धी ना', मी चकती त्यांच्या तोंडावर हलवत ठेवली. मग ओंजळीतून आभाळाला आणखी एक तीनताल. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये आधी झेंड्याची काठी आली, मग रांग, आणि सगळ्यात शेवटी, कारण तिथे प्रकाश कमी पोचला होता, मामांचं तोंड. "अरे, हा तर मी," असं ते त्या लाल उजेडात म्हणाले. बादली पण आली होती.

मी फोटोग्राफर झाले नाही. ऐरोलीत नोकरी करते आणि हिवाळ्यात रविवारी खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढते. ठाणे खाडी २०२२पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे, त्यामुळे गर्दीही वाढली आहे. त्या पक्ष्यांच्या मागे विजेचे मनोरे उभे असतात. हल्ली मोबाइलवर नुसतं बोट फिरवलं की ते नाहीसे होतात, आणि गुलाबी रंग तर लोक इतका चढवतात की पक्ष्यांना लाज वाटावी. मी लेव्हल्स नीट करते, पाणी थोडं बर्न करते, मनोरे ठेवते. सर आता व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. फोटोला अंगठा कधी देत नाहीत. 'उजवीकडून अर्धा इंच काप' एवढंच लिहितात, आणि दर वेळी त्यांचंच बरोबर असतं.

तो फोटो या लेखासोबत पाठवते आहे, जुन्या निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन करून. पान लावताना मजकूर हवा तेवढा कापा. फोटोची डावी कड तेवढी कापू नका.