थंड इंजिन आणि नवतपा

२६ मे, नागपूर

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतला, दुसरा दिवस. दुपारी दोनला उन्हात उभ्या असलेल्या काळ्या इंजिनाच्या पत्र्याला बोट लावून पाहावं, चटका बसतो. तरीही ते इंजिन थंडच असतं, कारण आत ना आग ना वाफ. १६० पौंड दाबाच्या वाफेचं तापमान १८८ अंशांच्या आसपास असतं. नागपूरचं ऊन कितीही रागावलं तरी तिथवर पोहोचत नाही.

कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत नॅरो गेजचं संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला उघडलं. त्याआधी कितीतरी दशकं हा भाग छोट्या लाईनचं माहेरच होता. बंगाल नागपूर रेल्वेनं सातपुड्यात आणि आसपास अडीच फुटी रूळ पसरले: गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा, नागपूर, नागभीड. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. कमी रुंदीचा रस्ता म्हणजे डोंगर कमी फोडायचा, वळणं तीव्र घेता येतात, पूल हलके लागतात. छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. लोक त्या गाड्यांच्या खिडकीतल्या सातपुड्याची आठवण काढतात, ती काढावीच. पण गाडी सुटायच्या आधी रात्रभर शेडमध्ये काय चालायचं ते कुणी फारसं लिहून ठेवत नाही, म्हणून इथे लिहितो.

सकाळी सहाची गाडी असेल आणि इंजिन पूर्ण थंड असेल, तर आदल्या रात्री दहा-अकराला पेटवावं लागतं. मोठ्या लाईनच्या इंजिनाला आठ ते बारा तास. आधी पाहणी. धुरपेटीचं दार उघडून नळ्यांची तोंडं साफ आहेत का, राखपेटी रिकामी आहे का, जाळीची एखादी सळई वाकली किंवा गळली आहे का. भट्टीच्या छतातलं शिशाचं बूच ओलं दिसतंय का. मग पाणी. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत निम्म्याच्या खालीच ठेवायचं, कारण थंड पाणी पूर्ण दाबाला येईपर्यंत आठव्या हिश्शाइतकं फुगतं. काठोकाठ भरून पेटवलं तर पहाटे पाणी काचेच्या वर गेलेलं असतं आणि गाडी निघताच ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी काही दाबलं जात नाही. दट्ट्या त्यावर आदळला की सिलिंडरचं झाकण फुटतं.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणारी झडप, बंद. रिव्हर्सिंग लिव्हर, म्हणजे पुढे-मागे दिशा ठरवणारी दांडी, मध्यावर. हातब्रेक आवळलेला, चाकांखाली गुटके, सिलिंडरचे कॉक उघडे. हे सगळं यासाठी की रेग्युलेटर जरासा झिरपत असेल तर रात्री कुणाचं लक्ष नसताना इंजिन आपोआप चालू लागतं. जाळीवर आधी कोळशाचा पातळ थर पसरायचा, त्यावर लाकूड, त्यावर तेलात भिजवलेल्या चिंध्या फावड्यावर पेटवून. लाकूड नीट धरलं की मग कोळसा थोडा थोडा.

इथे घाई केली की इंजिनाचं आयुष्य कमी होतं. जुन्या इंजिनांची भट्टी बहुधा तांब्याची आणि बाहेरचा कवच पोलादाचा. तापल्यावर तांबं पोलादापेक्षा जास्त फुगतं. दोघांना धरून ठेवणारे शेकडो स्टे, म्हणजे आडव्या सळया, असतात, ते या ओढाताणीत तुटतात. स्टेच्या बाहेरच्या टोकाला एक बारीक भोक पाडलेलं असतं. स्टे आतून तुटला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ झिरपायला लागते. पत्र्यावरची एवढीशी ओली रेघ बघून जुना बॉयलरमेकर आतल्या तुटलेल्या स्टेचं निदान करायचा. या एका भोकाइतकी चांगली कल्पना क्वचितच सापडेल.

ब्लोअर, म्हणजे धुराड्यात वाफेचा झोत सोडून ओढा वाढवणारी नळी, वाफ नसेपर्यंत चालत नाही, म्हणून सुरुवातीचा ओढा धुराड्याच्या आपल्या हवेवरच. पहिला तासभर काहीच होत नाही. मग बॉयलर गुणगुणायला लागतो, चहाच्या भांड्यासारखा, पण खर्जात. बॉयलरमधली हवा बाहेर जाऊ द्यायची म्हणून वरचा एखादा कॉक तोवर उघडाच ठेवतात. त्यातून सलग वाफ आली की बंद. दाब चाळीस-पन्नास पौंडांवर आला की ब्लोअर उघडायचा आणि आग चेतवायची.

२८ मे, रात्री

आज फक्त पाण्याबद्दल. कोळशाची चर्चा फार होते, पण गाडी खरी पाण्यावर चाले. एक किलो कोळसा जाळून साधारण सहा-सात किलो पाण्याची वाफ होते, म्हणजे कोळसा एकदा भरला तरी पाणी वाटेत पुन:पुन्हा घ्यावं लागे. म्हणून स्टेशनांवरचे ते वाकलेल्या मानेचे नळखांब.

काच पडताळायची रीत अशी: वरचा आणि खालचा दोन्ही कॉक बंद, निचऱ्याचा कॉक उघडा, काच रिकामी. मग वरचा उघडून वाफ येते का बघायची, तो बंद करून खालचा उघडून पाणी येतं का बघायचं. नंतर निचरा बंद करून दोन्ही उघडायचे. पाणी झटकन आपल्या जागी यायला हवं. ते सावकाश, रेंगाळत आलं तर कुठलीतरी वाट क्षारानं बुजलीय. अशी काच खोटं सांगते, आणि खोटं सांगणारी काच नसलेल्या काचेपेक्षा वाईट. भट्टीच्या छतावरचं पाणी गेलं की पत्रा लाल होऊन दाबाखाली खाली झुकतो. तसं व्हायच्या आधी शिशाचं बूच वितळतं, शिसं ३२७ अंशाला वितळतं, आणि वाफ आगीवर सुटून इशारा देते. आग विझवायला ती पुरत नाही; फायरमननं भट्टी खाली करायचीच.

इंजेक्टर म्हणजे या सगळ्यातला चमत्कार. फ्रान्सच्या जिफार्डनं १८५८ मध्ये शोधलेलं, एकही हलणारा मोठा भाग नसलेलं यंत्र. बॉयलरचीच वाफ एका शंकूतून भरधाव सोडायची, तिला थंड पाणी भेटवायचं; वाफ त्या पाण्यात विरते, आपला वेग पाण्याला देते, आणि ते पाणी त्याच बॉयलरच्या दाबाविरुद्ध आत शिरतं. यात कळीचा शब्द ‘थंड’. पाणी कोमट असलं तर वाफ पूर्ण विरत नाही, धार तुटते आणि खालच्या ओव्हरफ्लोतून पाणी भडभडा सांडतं. बहुतेक इंजेक्टर चाळीस-पन्नास अंशांच्या पाण्यापाशी हात टेकतात.

आता नवतप्यात हिशेब मांडा. हवा पंचेचाळीसवर. बॉयलरच्या दोन्ही अंगांना चिकटलेल्या टाक्या, बाहेरून ऊन, आतून बॉयलरची धग. टाकीतलं पाणी हात घालवत नाही असं होतं, आणि नेमकं चढावर, जिथे पाणी जास्त लागतं, तिथे इंजेक्टर सोडून देतो. यावर उपाय साधे. टाकी शक्यतो निघायच्या अगदी आधी भरायची. इंजेक्टर दुपारभर बंद ठेवून एकदम मागायचा नाही, थोडं थोडं पाणी चालू ठेवायचं. तरीही अडला तर वाफ बंद करून इंजेक्टरवर ओलं फडकं गुंडाळायचं, त्याचं अंग गार करायचं, मग आधी पाणी आणि नंतर वाफ, झटक्यानं. उलट क्रम केला तर तो पुन्हा तापतो. हेही जमत नसेल तर पाण्याच्या नळीच्या जोडातून हवा ओढली जातेय का ते बघा. तो दोष उन्हाच्या नावावर फार खपतो.

आणि क्षार. नागपुरात बोअरच्या पाण्यावर चालणारा कूलर ज्यानं पाहिलाय त्याला हे समजावायला नको. दोन महिन्यांत खस पांढरी, कडक, खरखरीत. तेच पाणी बॉयलरमध्ये रोज हजारो लिटर आटतं. नळ्यांवर पापुद्रा चढतो, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, पत्रा जास्त तापतो. म्हणून ठरलेल्या दिवसांनी वॉशआउट, म्हणजे बॉयलर आतून धुणं. इंजिन सावकाश गार करायचं, गरम भट्टीत गार पाणी मारायचं नाही, नाहीतर नळ्यांची तोंडं गळायला लागतात. कोपऱ्यांतली बुचं काढायची, जोराच्या पाण्यानं आधी वरचा भाग, मग नळ्यांच्या मधल्या फटी, शेवटी भट्टीच्या तळाची चौकट धुवायची. सळई घालून प्रत्येक कोपरा खरवडायचा. सगळा चिखल तळाच्या चौकटीत बसतो, आणि तिथेच पत्रा सगळ्यात आधी जातो.

३० मे

आगीचं एक वाक्य सगळीकडे सारखं: थोडं आणि वारंवार. आपल्या कोळशात राख फार. जाड थर टाकला की राख वितळून खंगर होते, विटभट्टीत जळलेल्या विटेसारखी, जाळीवर चादर पसरते आणि खालून हवा बंद. भट्टीत पाहिलं तर पांढऱ्या उजेडात एक काळपट डाग दिसतो, तिथे खंगर. लांब सळईनं तो जाळीवरून उचकटून वर आणायचा. जाळीवर आधीच चुनखडीचे बारके तुकडे पसरले तर खंगर चिकटत नाही, सुटा निघतो. आणि धुराड्यातून काळा लोट निघतोय म्हणून खूश व्हायचं नाही. फोटोला छान दिसतो, पण तो न जळलेला कोळसा आहे. नीट चाललेल्या इंजिनाचा धूर फिकट राखाडी असतो.

रेग्युलेटर बंद करण्याआधी ब्लोअर उघडायचा, हे मात्र कधीच विसरायचं नाही. धुराड्याचा ओढा सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेमुळे असतो. ती थांबली, ब्लोअर नसला, की ज्वाळा भट्टीच्या दारातून उलट बाहेर येते, थेट माणसांच्या अंगावर.

असाच हाताचा कसब जगभरच्या जुन्या वाहनांत होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारला इंजिनच नाही. रस्त्याखालून ताशी साधारण १५ किलोमीटर वेगानं अखंड फिरणारा पोलादी दोर चालक चिमट्यानं पकडतो. १८७३ पासून हे चालू आहे. उतारावर चाकांच्या ब्रेकबरोबर लाकडी ठोकळे रुळावर दाबले जातात, ते काही दिवसांतच झिजून बदलावे लागतात. दोर हळूच धरायचा. एकदम आवळला तर प्रवासी पडतात, फार सैल धरला तर चिमट्याचे जबडे घासून जातात.

मुंबईची ट्राम १८७४ ला घोड्यांवर सुरू झाली, १९०७ ला विजेवर आली, ३१ मार्च १९६४ ला बंद. नागपुरात ट्राम आलीच नाही, म्हणून इथल्या आजोबांच्या आठवणीतली ट्राम मुंबईचीच असते. मोटारींत फोर्डची टी मॉडेल, १९०८ ते १९२७. पुढून हँडल मारून चालू करायची. ठिणगीची वेळ ठरवणारी दांडी उशिरावर आणायची विसरलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. म्हणून अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत लपेटायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. बोटींमध्ये स्कॉटलंडची वेव्हर्ली ही चाकाची आगबोट १९४७ पासून समुद्रात जाते. तिचं तीन सिलिंडरांचं इंजिन प्रवाशांना कठड्याजवळ उभं राहून पाहता येतं. कोळसा सोडून ती १९५७ ला तेलावर आली, पण वाफ तीच.

आपल्याकडचं उदाहरण लांब नाही. शकुंतला ही छोट्या लाईनची गाडी, यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर. १९२१ ला मँचेस्टरला बनलेलं तिचं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत राहिलं. सत्तर वर्षं त्या इंजिनाला टिकवलं ते रोजच्या काच पडताळण्यानं आणि वेळच्या वेळी झालेल्या वॉशआउटनं. पोलादाइतकंच श्रेय मूर्तिजापूरच्या त्या काळ्या हातांना द्यावं लागेल.

२ जून

नवतपा आज संपेल. मृग आठवड्यावर आला, म्हणून उभ्या इंजिनांबद्दल.

उघड्यावर ठेवलेलं कुठलंही वाफेचं इंजिन उन्हानं मरत नाही, पावसानं मरतं. तेही बाहेरून नाही. भट्टीत आणि धुरपेटीत उरलेली राख आणि काजळी ओल धरते. त्यातल्या गंधकाचं आम्ल होतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर चकचकीत काळा रंग, आत धुरपेटीचा तळ चाळणी. तेव्हा पहिलं काम झाडू: नळ्या ब्रशनं एकेक साफ, राखपेटी खरवडून कोरडी, धुरपेटीच्या तळातली काजळी हातानं उचलून बाहेर. बॉयलरवरच्या पत्र्याच्या आवरणाखाली पाणी शिरलं तर आतलं भरण स्पंजासारखं ते महिनोन्‌महिने धरून ठेवतं. आवरणाचे जोड बघून मिटवायचे.

बॉयलर पूर्ण रिकामा, बुचं काढून दोन-तीन दिवस या कोरड्या उन्हात सुकू द्यायचा. नागपूरचा मे याला उत्तम, त्याचा फायदा घ्यावा. मग आत कळीचा चुना ट्रेमध्ये ठेवून बुचं बंद. चुना ओल शोषून फुगतो, तेव्हा ट्रे निम्माच भरायचा आणि पावसाळ्यात एकदा तरी बदलायचा. दांडे, क्रॉसहेड, दट्ट्याची सळई यांवर जाड ग्रीस, त्यावर रंग कधीच नाही. रंगवलेला दांडा पुन्हा हलवला की तो सगळा रंग बेअरिंगमध्ये जातो.

इंजिन वर्षातून एकदा तरी अर्धं चाक पुढे ढकलावं. एकाच जागी उभं राहिलं की बेअरिंगमधलं तेल वजनानं पिळून निघतं आणि धातू धातूवर बसतो. ढकलण्याआधी तेलाच्या वाट्या भरायच्या, लोकरीच्या वाती भिजल्या आहेत का बघायचं.

धुराड्यावर झाकण. एवढं एक केलं तरी अर्धं इंजिन वाचतं, कारण वरून पडणारं पाणी सरळ धुरपेटीच्या तळात जातं. झाकण घट्ट बसवायचं नाही. कडेनं बोटभर फट ठेवायची, म्हणजे हवा खेळेल आणि पारवे आत शिरणार नाहीत.