दिंडी दरवाजा उघडेपर्यंत

आमचे तीन शनिवार एका बंद दारापुढे गेले. त्याला आता महिना होत आला, तरी आठवलं की माझं डोकं तापतं.

पुण्यात आमचा सहा जणांचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, 2014ची पाचवी आवृत्ती. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन बोलतो, आणि अवघड काम जमलं का हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि बाकी सगळ्या पात्रांच्या वतीने बोलणारी, मी. लढाया, नकाशे, सापळे यांत मी कधी अडले नाही. अडले ती बोलणी करताना.

प्रसंग असा होता. जळालेल्या गावातली 40 माणसं घेऊन पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) नदीकाठच्या किल्ल्याशी पोचली. मागे पूर, पुढे दार, वर अंधार पडलेला. किल्लेदार आधीच खार खाऊन होता, कारण यांनी पूर्वी खोटी मुद्रा दाखवून त्याच्या शिपायांना फसवलं होतं. बार्ड, म्हणजे गाणारा भाट, खेळणारा मित्र म्हणाला, "मी पटवतो त्याला," आणि त्याने फासा टाकलासुद्धा. 20 पडले. वर पर्सुएशनचे, म्हणजे पटवण्याच्या कौशल्याचे, 7, एकूण 27. सगळे ओरडले. मी विचारलं, "पण तू त्याला म्हणालास काय?" तो म्हणाला, "ए किल्लेदार, दार उघड, लोक मरतायत." मी सांगितलं, दार उघडत नाही.

मग दीड तास वाद. "20 पडले ना, मग?" या आवृत्तीत 20 पडले की हमखास यश हा नियम हल्ल्याच्या फाशाला आहे, पर्सुएशनला नाही. डीएमच्या पुस्तकात समोरच्याची वृत्ती तीन प्रकारची धरली आहे: स्नेहाची, तटस्थ आणि वैराची. वैरी माणसाकडून बेरीज 20 किंवा जास्त आली तरी एवढंच मिळतं की स्वतःला धोका नसेल, काही गमवावं लागणार नसेल, तर तो ऐकेल. रात्री 40 अनोळखी माणसं आत घेणं हा धोकाच. म्हणजे नियमाने मी बरोबर होते. पण मग काय केलं तर तो ऐकेल, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. दुसऱ्या शनिवारी प्रत्येकाने "आता मी टाकते", "आता मी टाकतो" करत फासे टाकले. मी प्रत्येकाला नाही म्हणत राहिले. नऊ वाजता दोघं मोबाइल बघत बसले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एकाच कामासाठी पाच जणांनी पाच फासे टाकू देऊ नका, हे आत्ताच सांगून ठेवते. एकाने बोलावं, दुसऱ्याने मदत करावी, आणि मदतीबद्दल अ‍ॅडव्हान्टेज द्यावा, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरावा.

तिसऱ्या शनिवारी मी एका कार्डावर चार ओळी लिहून नेल्या. त्याला हवं काय: फौजेबरोबर नदीपार गेलेल्या मुलाची खबर. भीती कशाची: सरदार फितूर ठरवेल. काय देऊच शकत नाही: सूर्यास्तानंतर महाद्वार. काय देऊ शकतो: दिंडी दरवाजा, कारण त्याबद्दल हुकूम नाही.

क्लेरिक, म्हणजे देवाची पुजारीण, खेळणारी मैत्रीण टेबलावर फार बोलत नाही. तिला मी म्हटलं, "तू फक्त मुद्दा सांग, शब्द मी घालते." (लाजऱ्या खेळाडूच्या पात्राचं कॅरिझ्मा, म्हणजे छाप पाडण्याची ताकद, कागदावर 16 असेल, तर ते 16च धरायला हवं.) तिने आधी इनसाइट, म्हणजे समोरच्याचं मन ओळखण्याचा फासा, टाकला, 15 आले. तो पुन्हा पुन्हा नदीकडे बघतोय, एवढं मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग माझ्या शब्दांची वाट न बघता स्वतःच बोलली: "किल्लेदारसाहेब, आपल्या घरचं कुणी पलीकडे आहे का?"

तो "आपल्या" ऐकून सगळं टेबल शांत झालं. इंग्रजी नियमांत याला जागाच नाही, पण आपण मराठीत खेळतो, तेव्हा तू, तुम्ही की आपण हे फासा टाकण्याआधीच बघायला हवं. आता मी चुकीच्या संबोधनाला डिसअ‍ॅडव्हान्टेज देते, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरते.

त्याच्या मर्मावर नेमकं बोट पडलं होतं, म्हणून मी वृत्ती वैराची होती ती तटस्थ केली. मग ती म्हणाली, शस्त्रं बाहेर ठेवतो, आधी पोरंबाळं, एकेक जण, दिंडी दरवाजातून. एवढ्याने धोकाच उरला नाही, आणि तटस्थ माणसाला अशा वेळी 10 पुरतात. तिला 13 पडले. दार उघडलं. जे 27ला जमलं नव्हतं.

आणखी एक राहिलं. ज्याची काहीच तयारी नाही असा कुणी वाटेत भेटला, तर मी याच खेळाच्या 1981च्या बेसिक नियमांमधली जुनी पद्धत वापरते: सहा बाजूंचे दोन फासे, 2 आले तर हल्ला, 12 आले तर दोस्ती, मधे तारतम्य. तेवढ्यावर निभावतं. पण ज्याच्याकडे पार्टीला हवं ते आहे, त्याचं कार्ड आधी लिहायचंच.

किल्लेदाराच्या कार्डाच्या मागे मी आता सरदाराचं कार्ड लिहिलंय. त्या रात्री दिंडी दरवाजा कुणी उघडला, हे विचारायला तो या शनिवारी येतोय.